सुभेदारांचं खरं माप

सुभेदार, सगळ्या भिंगार क्याम्पात माझ्यासारखा पक्का टाका घालनारा दुसरा शिंपी झाला न्हाई. त्या पक्क्या टाक्यापायी एका सांजंला अख्खी कंपनी जनरलसाहेबाफुडं सोताच्याच बाह्या वढत हुभी ऱ्हायली, हे तुमी कदी इसरला न्हाईत आन् मला बी इसरू दिलं न्हाईत.

हे मी बोलतोय आन् आमची लेक सुमन लिवतीय. तिची चौथी झालीय. माझी शाळा म्हंजे शाळेच्या भिताडाला टेकून बिडी वढली, येवडीच. मदी मदी ती माझं बोलनं सुदारायला बगती. मी म्हनलं, "ऱ्हाऊ दे तसंच. शुद्ध ऐकलं तर सुभेदारांना वाटंल कुनी साहेब आला, उगा ताठ व्हतील." ती म्हनली, "गेल्यालं मानूस वाचनार हाय व्हय?" मी म्हनलं, "वाचनार न्हाई, पर चुका काढनार."

तुमाला हे सांगायचं कारन असं की तुमी गेल्यावर तुमच्या दारात काय काय झालं ते तुमाला कुनी सांगितलं नसंल. तुमी हुता तितंच, वसरीत, घोंगडीवर. पर पैल्यांदाच असं झालं की चार मान्सं तुमच्यासमोर चुकीचं बोलत हुती आन् तुमी गप हुता.

सकाळी मनमाडकडनं येनारी एस्टी दुकानाफुडं थांबली. तितं थांबा न्हाई. कंडक्टर खाली उतरला आन् म्हनला, "बबनराव, कोल्हारचे सुभेदार पहाटं गेले. वैनीनं निरोप दिलाय." मी कुना गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय कापला हुता, दुसरा तसाच टाकून निघालो. कोल्हारात उतरलो तवा बाया माझ्याकडं बगायला लागल्या. मला वाटलं माझं रडनं बगत्यात. तर माझ्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत हुती. मयताला शिंपी टेप घालून आलाय, असं दिसत हुतं ते.

आन् तुमच्या चुलतभावाला, भाऊसाहेब सरपंचांना, तीच टेप आवडली. वसरीत पाय ठिवतोय तोवर ते म्हनले, "वा, बबनराव, तयारीनंच आलात. हे बगा." बगतो तर तुमची काळी पेटी उघडी. डांबरगोळ्यांचा वास सुटल्याला. बाजंवर तुमची हिरवी वर्दी पसरल्याली, खांद्यावर दोन फुल्या, पट्टा, समदं. सरपंच म्हनले, "सुभेदार आजारात वाळले. वर्दी ढगळ व्हतीय. ही आवळून द्या. दुपारी प्रांतसाहेब येनार हाय, जवळची मोठी मान्सं येनार हायत, फोटोवाल्याला श्रीरामपुरासनं बोलिवलाय. आपल्या गावचा सुभेदार वर्दीत गेला पायजे."

वैनी आतल्या दारात बसल्या हुत्या. त्या माझ्याकडं बगत हुत्या.

खोटं कशाला सांगू, मी "व्हय जी" म्हनलो. मला मोठ्या मान्साफुडं दुसरं काय म्हनता येत न्हाई. क्याम्पात आयुष्य गेलं, "व्हय जी" म्हनायची जिभंला सवय पडलीय. मी टेप काढली आन् तुमच्याशेजारी बसलो.

सुभेदार, तुमचं माप घ्यायचं म्हंजे दरवेळी वनवास आसायचा. टेप छातीला लागली की तुमी सावधान. श्वास वर, छाती फुडं, पोट आत, नजर भितीवर. मी म्हनायचो, "सुभेदार, श्वास सोडा." तुमी म्हनायचा, "वर्दीचं माप हाय, झोपायच्या बंडीचं न्हाई." मग मी त्या फुगीवल्याल्या छातीवर शर्ट शिवायचो आन् घरी जाऊन तुमी श्वास सोडला की शर्ट ढगळ. मग तुमी परत, "बबन, तुला माप घ्यायला येत न्हाई." इतकी वर्सं ह्योच तमाशा.

त्या दिवशी टेप छातीभोवती घातली आन् कुनी छाती काडली न्हाई. टेप आपली सरकत सरकत आत आली. पैल्यांदा तुमचं खरं माप घावलं. किती बारीक हुता वो तुमी. मी तो आकडा कुनाला सांगितला न्हाई, सुमनला बी लिवू देत न्हाई.

तितंच मला ती बाह्यांची सांज आटवली. आटवायची वेळ न्हवती, पर माझं डोकं तसलंच हाय.

तुमाला ठावं हाय, पर लिवनारीला ठावं न्हाई, म्हनून बोलतो. क्याम्पात कुनी मोठा साहेब बगायला येनार म्हनला की पैला फोन जायचा तो त्याच्या आदीच्या छावनीत. "काय हो, यांची नजर कुटं आसती?" एक साहेब आला त्याची नजर मानंवरच्या केसांवर. तवा न्हाव्याची चैन झाली. सगळी पोरं मागनं कोंबडीसारखी सोलल्याली, आन् फुडं निम्म्यांच्या शर्टाला बटनं न्हाईत. दुसरा आला त्याची नजर बुटाच्या तळव्याकडं. पोरं घोड्यावानी एक एक पाय वर करून खिळं दाखवीत हुती, तवा मी हासलो म्हनून तुमी मला परेडच्या कडंला धा मिंटं उन्हात हुभं केलं. मी लष्करात न्हाई, शिंपी हाय, असं म्हनलो तर तुमी म्हनला, "मग जा की." पर तुमच्या आवाजाला पाय हालंनात.

तुमाला त्यो फोनच आवडायचा न्हाई. तुमी म्हनायचा, "साहेबाच्या नजरेचं काय इचारता? साहेब दोन वर्सानं बदलतो. नियम त्याच्या आदी हुता, त्याच्यामागं बी ऱ्हानार. नियमापरमानं ठिवा, कुनाची बी नजर कुटं बी पडू द्या."

मी इचारलं हुतं, "बाही चार बोटं दुमडायची. पाच दुमडली तर पाकिस्तान आत येतंय का?"

"न्हाई येनार."

"मग?"

"मग तू चारच दुमड."

ह्याला काय उत्तर म्हनायचं? मी म्हनलं, "कारन सांगा." तुमी म्हनला, "कारन आसतं. आपल्याला सांगत्यात न्हाई म्हनून ते नसतं असं न्हाई." मी म्हनलं, "मग सांगत का न्हाईत?" तुमी टोपी उचलली आन् म्हनला, "परवा सांगतो."

त्यो परवा काय आला न्हाई सुभेदार. ते भांडान तुमच्याकडं बाकी हाय.

तर पाकिस्तानाशी लढाई लागली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात जनरलसाहेब येनार म्हनून फोन गेला आन् तिकडनं निरोप आला की ह्यांची नजर बाहीवर. झालं, समदी कंपनी बाह्यांच्या मागं लागली. पट्टी घिऊन चार बोटं मोजत्यात, इस्तरी करत्यात, आन् हात हालीवला की एक बाही वर एक खाली. मेजरसाहेब वैतागले. तवा तुमच्या या शान्या बबननं तोंड उगाडलं. म्हनलं, "साहेब, दुमडीला आतनं टाकं घालतो. मरस्तवर सुटायची न्हाई." मेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्सात पैली थाप. तुमी म्हनला, "टाकं घालायचा नियम न्हाई." मेजरसाहेब म्हनले, "साहेब खूस तर नियम खूस." तुमी तुमचा शर्ट मातर माझ्या हातात दिला न्हाई. मी मागून बगितला तर म्हनला, "माझी बाही माझ्या हातानं दुमडायची मला सवय हाय."

मी दुहेरी दोरा वापरला. लई मन लावून शिवलं. जन्मात येवडं मन लावून दुसरं काय केलं न्हाई, लगीन बी न्हाई. (सुमननं इतं लिवनं थांबीवलं हुतं. चा झाल्यावर परत बसलीय.)

सकाळची परेड म्हंजे रांगोळी. समद्या बाह्या एका रेघंत. जनरलसाहेबांनी बगितलं, मान हालीवली, फुडं गेले. मेजरसाहेबांनी मला लांबनं खूण केली. मला वाटलं आता मला बी एक मेडल लावत्यात काय. लावलं तर कुटं लावावं, डावीकडं का उजवीकडं, इथपतोर माझा इचार झाला हुता.

सांजंला झेंडा उतरायचा बिगुल वाजला. पोरं जितल्या तितं हुभी. आन् बराकीच्या आडनं जनरलसाहेब येकटेच चालत आले, कुनाला सांगितलं न्हाई, काय न्हाई. बिगुल संपला. साहेब म्हनले, "आस्तीन नीचे."

सूर्य मावळला की बाह्या खाली, हा नियम. डासांसाठी. समद्या क्याम्पाला पाठ. पर सकाळच्या बाहीच्या नादात सांजंची बाही कुनाच्या ध्यानातच न्हाई, आन् मी तर ती जल्मठेपीवर पाठवल्याली.

शंभरेक हात बाह्या वढायला लागले. वढत्यात, वढत्यात, काय हालत न्हाई. एकानं दातानं वढली. येक पंजाबी गडी हुता, रेड्यासारखा, त्यानं येक हिसका दिला. दुमड सुटली न्हाई. बाहीच खांद्यापासनं सुटून त्याच्या हातात आली. खांद्याची शिवन बी माझीच हुती. म्हंजे सुभेदार, जो टाका टिकायचा तो तुटला आन् जो सुटायचा तो टिकला. माझ्या धंद्याची येवडी जाहीर परीक्षा कुनी घेतली नसंल.

मी मेसच्या पिपामागं बसलो हुतो. तितनं बगितलं. समद्यात येकट्या तुमच्या बाह्या खाली, मनगटाला बटान लावल्यालं.

जनरलसाहेब तुमच्याफुडं आले. "ये किसने किया?"

तुमी म्हनला, "कंपनी मेरी है, साहब. बाँह मेरी जिम्मेदारी."

मेजरसाहेब बुटाकडं बगत हुते. मी पिपाकडं.

साहेबांनी तुमची बाही बगितली. मग हळूच म्हनले, मला निम्मं ऐकू आलं, निम्मं तुमी नंतर सांगितलं, की पूरबेला जंगलात त्यांच्या पलटनीची पोरं तापानं गेली. गोळीनं न्हाई, तापानं. तवापासनं ते सांजंची बाही बगत्यात. सकाळची बाही त्यांनी कदी बगितलीच न्हवती. फोनवरच्या मान्सानं "बाही" सांगितलं, "कवा" ते कुनी इचारलंच न्हाई.

त्या साली तुमची सुभेदार मेजरची आशा हुती. ती झाली न्हाई आन् तुमी सुभेदार म्हनूनच पेन्शनीत आलात. बाह्यांमुळं का दुसऱ्या कशामुळं, ते वरच्यांनाच ठावं. मी एकदा इचारलं तर तुमी म्हनला, "तुझ्या टाक्यात येवडी ताकद आसती तर तू हितं बसला नसता." बस, येवडंच. दुसऱ्या दिवशी तुमी ब्लेडचं अर्धं पान घिऊन दुकानात आलात, माझ्या स्टुलावर बसलात आन् शर्टांच्या ढिगातला एक माझ्याकडं, एक तुमच्याकडं, असं करत आपून दुपारपतोर टाकं उसवीत बसलो. शिव्या न्हाईत, काय न्हाई. मदीच म्हनला, "दोरा मातर चांगला वापरलास." मी आजपतोर ते धरून बसलोय. माझ्या शिलाईची तुमी केल्याली ती येकच तारीफ, ती बी दोऱ्याची.

तर वसरीत मी टेप धरून बसल्यालो. सरपंच म्हनले, "काय बबनराव, किती आवळावी लागंल?" आन् दारातनं वैनी पैल्यांदा बोलल्या. "भावजी, लढाई लागली तवा हे तुमच्या दुकानात आले हुते. काय म्हनले हुते तुमाला? सांगा समद्यांना."

समदे माझ्याकडं बगायला लागले. सुभेदार, मला पिपामागं जावंसं वाटलं. वसरीत पिंप नव्हतं.

लढाई लागली तवा तुमी धोतरावर कोट घालून आल्ता. क्याम्पात जाऊन "बोलावलं तर येतो" म्हनून नाव देऊन आलात. वर्दी पिशवीत घालून आनली हुती. माझ्याकडनं इस्तरी करून घेतली. मी म्हनलं, "घालून तरी बगा, कशी बसती." तुमी म्हनला, "हुकूम न्हाई." रोज दुपारी दुकानात बसून रेडिओ ऐकायचा, वर्दी माझ्या खुंटीला. लढाई संपली, हुकूम काय आला न्हाई. तुमी वर्दीची घडी केली, पिशवीत घातली, आन् साडंपाचची एस्टी धरली. वाटंत वळखीच्या पोरांनी सॅल्यूट मारला तर तुमी हात उचलला न्हाई. साध्या कपड्यात सॅल्यूट न्हाई. नुसती मान हालीवली.

मी ते समदं सांगितलं. अडखळत, नाक पुसत. शेवटाला म्हनलं, "भाऊसाहेब, लढाई चालू आसताना ज्यानं ती आंगाला लावली न्हाई, त्याला प्रांतसाहेबाच्या फोटोसाठी लावू नका. पेन्शनीत आल्याल्या मान्सानं वर्दी पेटीत ठिवायची, असं ते म्हनायचे. हुकूम आल्याबगर काडायची न्हाई."

सरपंच तापले. "तू शिंपी. तुला लष्कराचा नियम काय कळतो?"

"मला न्हाई कळत. मी तर आयुष्यभर ह्यांच्याशी उलटंच भांडलो. म्हनूनच त्यांचं काय म्हननं हुतं ते मला पाठ हाय."

"आन् येनारी मान्सं काय म्हनतील? सुभेदार गेला आन् आंगावर धोतर?"

वैनी म्हनल्या, "धोतरातच जलमले हुते ते. टोपीत न्हाई." आन् उठून त्यांनी वर्दी बाजंवरनं उचलली. कुनी आडीवलं न्हाई.

मी सरपंचांना हळूच म्हनलं, "मेडलं साध्या कपड्यावर चालत्यात. ती लावा. फोटोत चमकतील." तवा त्यांचा जीव भांड्यात पडला. मला आतनं हासू आलं सुभेदार, मयताच्या घरात. सरपंचाची नजर कुटं हाय ते मी वळखलं हुतं, फोन न करता.

बगा, तुमचं भांडान मी लढलो आन् जिकलो, आन् ऐकायला तुमी नव्हता. तुमी आसता तर म्हनला आसता, "बबन, तू हे आपलं म्हननं सांगतोस का माझं?" मला सांगता आलं नसतं. आजून बी येत न्हाई. चार बोटांचं कारन मला आजून पटलेलं न्हाई. पर ते तुमचं हुतं, येवडं मला फुरं झालं.

मग वैनीनी नवं पांढरं कापड काडून दिलं आन् शेजारच्या घरची मशीन वसरीच्या कडंला आनली. मी तितंच सदरा शिवला. बाह्या लांब ठिवल्या, मनगटापतोर. मेडलं मी पैल्यांदा उजवीकडं लावली, कारन तुमी समोर, माझं डावं-उजवं उलटं झालं. वैनीनी काडून डावीकडं लावली.

प्रांतसाहेब आले. हार घातला, चप्पल काडून घटकाभर हुभे ऱ्हायले, आन् जाताना सरपंचांना नदीतल्या झऱ्यांना पानी किती ऱ्हायलंय ते इचारलं. त्यांची नजर पान्यावर हुती. वर्दी आसती का धोतर, त्यांना काय फरक पडला नसता. सरपंच गाडीमागनं बगत बसले. मला त्यांची कीव आली. मी बी येका सकाळी मेडलाची वाट बगितली हुती.

प्रवरंच्या वाळूत तुमाला न्हेलं. मेडलं वैनीनी काडून पदरात बांदली. वर्दी मी डांबरगोळ्या घालून पेटीत ठिवली, घडी तुमी करायचा तशीच, कॉलर वर. तेवडी मातर पैल्या झटक्यात जमली.

तुमाला आनखी काय सांगायचं हुतं? "उपकार" बिपकार मी बोललो आसतो तर तुमी टोपी उचलून निघाला आसता. टोपी उचलायचा तुमचा तो हात आता दुकानाच्या दारात दिसनार न्हाई, येवडं खटकतं. बाकी बरं हाय. तुमी गावात गेलात, घरात गेलात, हातात नांगर धरून, नदीचं पानी पिऊन, वैनीची बोलनी खाऊन गेलात. लई लोकांना येवडं मिळत न्हाई. त्या पूरबेच्या पोरांना मिळालं न्हाई.

परवा तुमच्या दहाव्याला आल्तो. जेवनं झाली, मान्सं पांगली. मी वसरीत बसलो हुतो आन् मनात लई दिस घोळत हुतं ते बोलून टाकलं. म्हनलं, "वैनी, काय बी म्हना, सदरा मातर मापात बसला हुता. खांदा खांद्यावर, गळा गळ्यावर. जन्मात तसला येकच शिवला."

वैनी ताटं गोळा करत हुत्या. वर न बगता म्हनल्या, "पैल्यांदा तुमच्या गिऱ्हाइकाला उठून तक्रार करता आली न्हाई भावजी, आन् तुमी त्याला मापात बसला म्हनताय."